मोट, रहाट, पाट आणि पाऊस

गेल्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास शांत बसायचे ठरले. गीत नाही, जपमाळ नाही, माईक नाही. पवित्र साक्रामेंतासमोर दोन मेणबत्त्या आणि आम्ही दहा-बारा जण. चटया अंथरणे, कोणता पंखा लावायचा ते ठरवणे आणि वेळ संपली की हलकेच घंटी वाजवणे, एवढी सेवा आम्हा स्वयंसेवकांकडे होती.

तिसऱ्या गुरुवारी एका आजींनी विचारले, "बाळांनो, डोळे मिटून बसता ते ठीक, पण देवाला म्हणता तरी काय?" आमच्यातला एक तरुण उत्साहाने म्हणाला, "काहीच नाही, आजी. काही करायचंच नाही. विचार येतात, जातात, आपण फक्त बघायचं. मन आपोआप रिकामं होतं." आजींनी जपमाळ पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "रिकाम्या घरात कोण येऊन राहील याचा नेम नाही, रे." मत्तयच्या बाराव्या अध्यायातला झाडूनपुसून ठेवलेल्या रिकाम्या घराचा दाखला त्यांना तोंडपाठ आहे. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या तिघीही आल्या नाहीत.

एवढेच असते तर आम्ही हा लेख लिहायला बसलो नसतो. पण त्या शांत अर्ध्या तासाला आमची एक भगिनी नेमाने येत होती. दोन वर्षांपूर्वी तिचा तरुण मुलगा गेला. तेव्हापासून तिला प्रार्थनेचे शब्दच येत नाहीत. जपमाळ हातात घेतली की पहिल्या मण्यावरच बोटे थांबतात. ती येते, मागच्या खांबाजवळ बसते आणि वेदीकडे बघत राहते. कुणीतरी तिला सांगितले होते की हा विश्वास थंड पडल्याचा प्रकार आहे. तिने आम्हाला विचारले, "मी काहीच म्हणत नाही, काहीच मागत नाही, नुसती बसते. हे पाप आहे का?" आम्ही धर्मपंडित नाही. आमच्या फादरांनी तिला धीर दिला आणि आम्हाला दोन-चार पुस्तके काढून दिली. ती वाचताना कळले की हाच प्रश्न चर्चने सोळाशे वर्षे विचारला आहे, आणि त्यापायी माणसे तुरुंगातही गेली आहेत.

सुरुवात इजिप्तच्या वाळवंटातून करावी लागते. चौथ्या शतकात इव्हाग्रिअस नावाचा एक हुशार डीकन कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. वादविवादात पटाईत, कपड्यांचा शौकीन. तिथे तो एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला, घाबरून शहर सोडून पळाला, जेरुसलेमला आजारी पडला आणि शेवटी ३८३ च्या सुमारास इजिप्तमधल्या तपस्व्यांमध्ये जाऊन राहिला. केलिया म्हणजे 'कोठड्या' असे नाव असलेल्या वस्तीत त्याने उरलेले आयुष्य काढले. हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरायचे आणि मनात काय चालते ते पाहायचे. ३९९ मध्ये तो वारला.

या माणसाने मनाकडे ज्या बारकाईने पाहिले, त्याला तोड नाही. विचार आला की त्याच्याशी झुंजण्याआधी तो ओळखा, असे तो सांगतो. केव्हा येतो, केव्हा ओसरतो, कोणत्या विचारामागून कोणता येतो, ते नोंदून ठेवा. त्याने आठ मुख्य विचार मोजले. त्यांतला भर दुपारी येणारा कंटाळा आम्हाला फार ओळखीचा वाटला. साधू कोठडीत बसलेला असतो. सूर्य हलतच नाही असे त्याला वाटते. जेवणाची वेळ किती दूर आहे ते तो पुन्हा पुन्हा बाहेर येऊन बघतो. कुणी भेटायला येतेय का म्हणून वाट न्याहाळतो. आमच्याकडे सूर्याऐवजी मोबाईल आहे, एवढाच फरक.

या पाहण्यातून मन हळूहळू ज्या अवस्थेला येते, तिला इव्हाग्रिअसने 'अपाथेया' हा ग्रीक शब्द वापरला. विकारांच्या ओढीतून सुटलेले मन. मराठीत अनासक्ती म्हणता येईल, पण अनासक्ती म्हटले की आपल्याला कोरडेपणा आठवतो, आणि इव्हाग्रिअस तर म्हणतो की अपाथेयाचे अपत्य म्हणजे प्रीती. मुक्कामाचे ठिकाण प्रीती आहे, अनासक्ती हा तिथे जाण्याचा रस्ता. ही गोष्ट सगळ्यांना पटली नाही. संत जेरोमने टोमणा मारला की अशी अवस्था ज्याला लाभेल तो एक तर दगड होईल नाही तर देव. पुढे ५५३ मध्ये, ओरिजेनच्या मतांचा निषेध झाला तेव्हा, इव्हाग्रिअसचे नावही त्यात ओढले गेले. त्याचे प्रार्थनेवरचे पुस्तक मात्र संत नीलस या दुसऱ्याच नावाखाली टिकले आणि शतकानुशतके साधू ते वाचत राहिले.

त्याची शिकवण पश्चिमेकडे नेली योहान कासियनने. त्याने इजिप्तमध्ये बरीच वर्षे काढली होती आणि पुढे मार्सेल्सला स्थायिक होऊन पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने त्या वडीलधाऱ्या तपस्व्यांची संभाषणे लॅटिनमध्ये लिहून काढली. त्याने शहाणपणा केला. वादाचा शब्द टाळला आणि त्याजागी 'अंतःकरणाची शुद्धता' हा शब्द ठेवला, जो थेट प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनातून येतो. वस्तू तीच, पण आता तिच्यावर कुणी बोट ठेवू शकेना. या संभाषणांत अब्बा आयझक प्रार्थनेसाठी फक्त एक ओळ देतो, सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, देवाने मदतीला धावून यावे अशी हाक. चालताना, काम करताना, झोप लागेपर्यंत तीच. बाकी सगळी शब्दसंपत्ती टाकून द्यायची आणि या एका ओळीची गरिबी पत्करायची. चर्चच्या प्रहर-प्रार्थना आजही याच हाकेने सुरू होतात. आमच्या आजींना हे सांगितले तर त्या म्हणतील, मग जपमाळ आणखी काय करते? आणि त्यांचे बरोबरच आहे.

आता एक हजार वर्षे ओलांडून स्पेनला जाऊ. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या गावागावांत प्रार्थनेची छोटी मंडळे भरत होती. त्यांत दोन शब्द चालत. एक होता 'रेकोहिमिएन्तो', म्हणजे पांगलेले मन आत गोळा करणे. दुसरा 'देहामिएन्तो', म्हणजे स्वतःला देवाच्या हाती सोडून देणे आणि मग काहीच न करणे. कानाला दोन्ही गोड लागतात, पण या दुसऱ्या शब्दावरून ठिणगी पडली. १५२४ मध्ये इसाबेल दे ला क्रूस ही फ्रान्सिस्कन तृतीय पंथाची सदस्य आणि पेद्रो रुईस दे अल्काराज हा प्रापंचिक माणूस यांना धर्मन्यायालयाने पकडले. १५२५ मध्ये टोलेडोच्या फर्मानाने या 'प्रकाशित' म्हणवणाऱ्यांची ४८ मते निषिद्ध ठरवली. एकदा सोडून दिले की मोहाला विरोध करण्याची गरज नाही, चर्चमधल्या खुणा आणि विधी यांची गरज नाही, अशी मते त्यांच्या तोंडी घातली गेली. सगळी खरोखर त्यांची होती का यावर इतिहासकार अजून भांडतात. पण त्यानंतर स्पेनमध्ये डोळे मिटून गप्प बसणाऱ्या माणसाकडे, विशेषतः गप्प बसणाऱ्या बाईकडे, संशयाने पाहिले जाऊ लागले.

अशा हवेत अविलाची तेरेजा वाढली. १५१५ चा तिचा जन्म. मठात गेल्यावर ती आजारी पडली, आणि उपचारासाठी जाताना तिच्या काकांनी तिला फ्रान्सिस्को दे ओसुना या फ्रान्सिस्कनाचे १५२७ मध्ये छापलेले पुस्तक दिले. मन आत गोळा करण्याची रीत त्यात होती. तिला ते फार आवडले. पण म्हणून तिची प्रार्थना सहज झाली असे मुळीच नाही. ती स्वतः कबूल करते की अठरा वर्षे हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचा तिला धीर होत नसे. कित्येकदा तिचे अर्धे लक्ष घड्याळाच्या ठोक्यांकडे असे, कधी एकदा तास संपतो म्हणून. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या गटात एकदम हशा पिकला. घंटी वाजवणाऱ्याकडे किती डोळे लागलेले असतात हे आम्हाला ठाऊक आहे.

तिच्या आत्मचरित्रात, जे तिने १५६५ मध्ये पुरे केले, तिने बागेचा दाखला दिला आहे. आत्मा म्हणजे बाग. लावणारा देव, आपण माळी. बागेला पाणी देण्याचे चार प्रकार. पहिला, विहिरीतून हाताने पाणी शेंदणे. दुसरा, रहाटाने काढून पन्हळीतून सोडणे. तिसरा, नदीचे किंवा ओढ्याचे पाणी पाटाने येणे. चौथा, पाऊस. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांचे बालपण नगर किंवा बेळगावकडच्या शेतावर गेले, त्यांना हे समजावून सांगावेच लागले नाही. इकडे माळव्यात मोटेला चडस म्हणतात, एवढी भर एका काकांनी घातली. मोटेवर दिवस काढलेला माणूस पाण्याचा थेंब कसा जपतो, आणि पहिला पाऊस पडला की तोच माणूस काम टाकून अंगणात कसा उभा राहतो, हे त्यांनी फार छान सांगितले.

तेरेजाच्या दाखल्यात खरी गंमत आहे ती श्रमांच्या उतरत्या चढणीत. विहिरीवर सगळा घाम माणसाचा. शब्दांची प्रार्थना, चिंतन, प्रभूच्या दुःखसहनाचे एकेक दृश्य मनात आणणे, हे सारे तिथले काम. रहाटावर श्रम कमी, पाणी जास्त. मन काहीसे आपोआप शांत होते आणि इच्छाशक्ती देवापाशी ठरते. पाटाच्या पाण्यात माळ्याने फक्त वाट करून द्यायची. पावसात तर माळ्याचा काहीच हात नाही. पण पाऊस कधी पाडायचा हे माळी ठरवत नाही, हेही ती तितक्याच स्पष्टपणे सांगते. विहीर कोरडी पडली, बादली रिकामी वर आली, तरी माळ्याने विहिरीवर जाणे सोडू नये.

आमच्या त्या तरुण मित्रासाठी आम्ही एक जागा मुद्दाम खूण करून ठेवली. विचार आपल्या जोरावर बंद पाडू नका, असे तेरेजा ठामपणे म्हणते. देवाने मन थांबवले तर गोष्ट वेगळी. आपण ते दाबून थांबवायला गेलो तर आपण बावळटासारखे नुसते बसून राहतो, ना विचार ना प्रार्थना. बिनश्रमाची अवस्था श्रम करून आणता येत नाही, हे तिचे म्हणणे आम्हाला फार मोलाचे वाटले. रहाटावरच्या शांततेला ती एका ठिणगीची उपमा देते. ठिणगीवर मोठे ओंडके टाकले तर ती विझते. चार काड्या हळूच टाकाव्यात. एखादा साधा शब्द, एखादे नाव.

आणि ती बाई भोळी नव्हती. तिच्या मठातल्या एका भगिनीला तासन्‌तास गुंगी येई, आठ-आठ तास. सगळ्यांना वाटले समाधी लागली. तेरेजाने सांगितले की हिचे उपास कमी करा, हिला पोटभर जेवू घाला आणि झोपू द्या. गुंगी गेली. आमच्या गुरुवारच्या बैठकीतही एक काका घोरतात. त्यांच्यासाठी हा इलाज चालेल का, यावर अजून एकमत नाही.

१५५९ मध्ये स्पेनचे मुख्य धर्मन्यायाधीश फेर्नांदो दे वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची यादी काढली आणि लोकभाषेतली प्रार्थनेची कितीतरी पुस्तके बंद झाली. तेरेजाला लॅटिन येत नव्हते. तिला मोठे दुःख झाले, आणि तेव्हा प्रभूने आपण स्वतः तिचे जिवंत पुस्तक होऊ असे तिला सांगितल्याचे तिने लिहून ठेवले आहे. तिचे स्वतःचे आत्मचरित्रही पुढे धर्मन्यायालयाने नेले. ते छापून आले १५८८ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर सहा वर्षांनी. आज ती चर्चची आचार्य आहे. त्या काळी तिचे हस्तलिखित कपाटात कुलूपबंद होते, हे आपण विसरू नये.

तिच्या कामातला धाकटा सोबती, क्रूसाचा संत योहान, याची गोष्ट आणखी कडू. १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या बंधूंनी त्याला धरून टोलेडोच्या मठात कोंडले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तो तिथून निसटला. ज्या भगिनीने आम्हाला प्रश्न विचारला तिला द्यायचे उत्तर आम्हाला त्याच्याकडेच सापडले. चिंतन सोडून शांत बसण्याची वेळ आली आहे हे कसे ओळखावे, याच्या तीन खुणा तो देतो. पूर्वीसारखे चिंतन आता होत नाही, त्यात गोडी उरलेली नाही. पण दुसऱ्याही कुठल्या गोष्टीकडे मन मुद्दाम लावावेसे वाटत नाही. आणि तिसरी, त्याच्या मते सर्वांत खात्रीची खूण: एकटे, शांत, देवाकडे प्रेमाने लक्ष देऊन राहावेसे वाटते. तिन्ही एकत्र हव्यात. पहिली एकटीच असेल तर ते निष्काळजीपण असू शकेल, आणि पहिल्या दोनच असतील तर मनाचा आजारही असू शकेल. चारशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला तेवढे कळत होते.

त्याने 'प्रेमळ अवधान' अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. आपल्या 'सावधान' या शब्दात तेच अवधान आहे. मंगलाष्टकांत आपण ते इतक्या वेळा ऐकतो की त्यात धोक्याच्या इशाऱ्यापलीकडे काही आहे हे लक्षातच येत नाही. 'लक्ष असू द्या' एवढाच त्याचा अर्थ. आत्मिक मार्गदर्शकांवर तर तो चिडतोच. ज्यांना फक्त घण मारायचे ठाऊक आहे अशा लोहारांसारखे ते आहेत, असे तो म्हणतो. शांततेत ठेवलेल्या जिवाला पुन्हा कामाला लावतात आणि देवाची नाजूक कलाकुसर बिघडवून टाकतात. विश्वास थंड पडला असे त्या भगिनीला ज्यांनी सांगितले, त्यांना हा उतारा दाखवावा की नाही यावर आम्ही बराच वेळ विचार केला. नाही दाखवला.

मग सतराव्या शतकात तो प्रसंग घडला ज्याने ही सगळी परंपराच संशयाच्या छायेत गेली.

मिगेल दे मोलिनोस हा अरागॉनमधल्या मुनिएसा गावचा, १६२८ मध्ये जन्मलेला धर्मगुरू. १६६३ मध्ये तो रोमला आला आणि तिथेच राहिला. पापनिवेदन ऐकणारा आणि आत्मिक सल्ला देणारा म्हणून त्याची ख्याती झाली. १६७५ मध्ये त्याचे 'आत्मिक मार्गदर्शक' हे छोटे पुस्तक निघाले, रीतसर परवानग्या आणि विद्वानांच्या शिफारशींसह. ते भराभर खपले, इतर भाषांत गेले. स्वीडनची माजी राणी क्रिस्तिना त्याची चाहती होती. पोप अकरावे इनोसंट यांचीही त्याच्यावर मर्जी होती. पावलो सेन्येरी या जेजुइट प्रवचनकाराने १६८० मध्ये त्याला उत्तर म्हणून प्रार्थनेतले श्रम आणि विश्रांती यांचा मेळ घालणारे पुस्तक लिहिले, तर दुसऱ्याच वर्षी निषिद्ध यादीत गेले ते सेन्येरीचे पुस्तक. त्या वेळी वारा मोलिनोसच्या बाजूचा होता.

१६८५ च्या जुलैत वारा फिरला. धर्मन्यायालयाने त्याला अटक केली आणि त्याची हजारो पत्रे ताब्यात घेतली. दोन वर्षे चौकशी चालली. ३ सप्टेंबर १६८७ रोजी रोममधल्या सांता मारिया सोप्रा मिनेर्वा या चर्चमध्ये कार्डिनल मंडळी आणि प्रचंड गर्दी यांच्यासमोर आरोप वाचले गेले आणि त्याने आपली मते सोडल्याचे जाहीर केले. या चर्चला लागून असलेल्या मठातच ५४ वर्षांपूर्वी गॅलिलिओने गुडघे टेकले होते. नोव्हेंबरात पोपनी 'सेलेस्तिस पास्तोर' हे आज्ञापत्र काढून ६८ विधानांचा निषेध केला. मोलिनोस जन्मठेपेत राहिला आणि १६९६ च्या डिसेंबरात तुरुंगातच वारला.

(त्याच १६८७ साली गोव्याचा एक ओरेटोरियन धर्मगुरू मजुराच्या वेषात जाफन्याला उतरला होता. डच राजवटीत लपूनछपून फिरणारे हे संत जोसेफ वाझ. रोममध्ये विरक्तीवर खटला चालू असताना वाझ ती अनवाणी जगत होते. हा योगायोग आम्हाला आवडला म्हणून लिहिला, बाकी संबंध काही नाही.)

निषेध कशाचा झाला हे नीट पाहायला हवे. स्वतः काही करू पाहणे म्हणजे देवाचा अपराध. देवाच्या इच्छेत विलीन झालेल्याने काही मागू नये, आभारही मानू नयेत. मोह आला तर त्याला सक्रिय विरोध करू नये. अशा स्थितीत शरीराकडून काही घडले तरी ते पाप नव्हे. या विधानांतली बरीचशी त्या छापील पुस्तकात नाहीत. ती पत्रांतून, साक्षींतून जमवली गेली. मोलिनोसच्या वागणुकीबद्दल गंभीर आरोप होते आणि त्याने ते मान्य केले. बंदिवासातली कबुली कितपत धरावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत असे की पुस्तक वाईट नव्हते आणि आज्ञापत्रही अन्यायाचे नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. मोलिनोसच्या अनुयायांनी पावसाची पद्धत बनवली. आभाळात ढग नसताना मोट मोडून टाकली, दोर कापला आणि कोरड्या बागेत बसून तिला हिरवी म्हणू लागले. आणि जो काही मागत नाही, कशाचाच विरोध करत नाही, तो मार्गदर्शकाच्या मुठीत फार लवकर जातो. ही भीती आजही खोटी नाही. सहज ध्यान शिकवणारे सगळेच प्रामाणिक नसतात.

फ्रान्समध्ये याचीच पुनरावृत्ती झाली, जास्त दरबारी थाटात. मादाम ग्वियाँ या विधवेने १६८५ मध्ये प्रार्थनेची सोपी रीत सांगणारे पुस्तक छापले. तिला पुढे बास्तिलमध्ये वर्षानुवर्षे डांबले. तिची बाजू घेणारे काम्ब्रेचे आर्चबिशप फेनेलाँ आणि त्यांच्यावर तुटून पडणारे बिशप बोस्यूए यांचे भांडण रोमपर्यंत गेले. १२ मार्च १६९९ रोजी फेनेलाँच्या पुस्तकातली २३ विधाने निषिद्ध ठरली. फेनेलाँनी तक्रारीचा शब्द न काढता निर्णय मान्य केला आणि आपल्या धर्मप्रांतालाही तसे कळवले. विरक्तीवर पुस्तक लिहिणाऱ्याची याहून मोठी परीक्षा कोणती असेल? आम्हाला तरी त्यांच्या सगळ्या लेखनापेक्षा ते एक वागणे पटते.

पण किंमत मोठी पडली. पुढची दोनशे वर्षे शांत प्रार्थना म्हणजे मठातल्या निवडक जिवांचे काम आणि सामान्य भाविकांनी ठरलेल्या मुद्द्यांवर चिंतन करावे, अशी विभागणी झाली. कोसाद यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले देवाच्या योजनेला शरण जाण्यावरचे पुस्तक अठराव्या शतकातले, पण छापले गेले १८६१ मध्ये. आमच्या आजींना लहानपणी कुणी गप्प बसायला शिकवले नाही, त्याचे एक मूळ मिनेर्वाच्या त्या चर्चमध्ये आहे असे म्हटले तर फार ताणल्यासारखे होणार नाही.

आपल्या देशात ही गोष्ट पुन्हा उघडली ती विसाव्या शतकात. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेजुइट फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात आणि मग लोणावळ्याला 'साधना' संस्था चालवली. श्वासाकडे, शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष देण्याचे पाठ त्यांनी प्रार्थनेत आणले. १९७८ मध्ये त्यांचे त्याच नावाचे पुस्तक आले. १९८७ मध्ये ते न्यूयॉर्कला अचानक गेले. १९९८ मध्ये रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने त्यांच्या लेखनाबद्दल सूचना काढली. आत्मसंयमाला आणि बंधनांतून सुटायला त्यात मदत मिळते हे मान्य करून, नंतरच्या लेखनात मात्र ते ख्रिस्तावरील श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर जातात असे म्हटले. आमच्या त्या तरुणाचे ते आवडते लेखक. त्याने सूचना वाचली आणि पुस्तकही टाकले नाही. आम्ही त्याला काही बोललो नाही.

शेवटची गोष्ट आमच्याच इंदूरची आहे, आणि आम्हाला ती इतकी वर्षे ठाऊक नव्हती याची लाज वाटते. ब्रिटनीचे बेनेडिक्टाइन साधू आँरी ल सो १९४८ मध्ये भारतात आले आणि दोन वर्षांनी फादर मोंशानँ यांच्याबरोबर त्यांनी तमिळनाडूत शांतिवनम आश्रम काढला. स्वामी अभिषिक्तानंद हे त्यांचे नाव. अरुणाचलाच्या गुहांत, नंतर उत्तरकाशीच्या कुटीत त्यांनी वर्षानुवर्षे ध्यान केले, आणि त्यांच्या रोजनिशीत त्या काळातली ओढाताण पानोपानी आहे. मिस्सा की मौन, नाव की निराकार, आपण ख्रिस्ताला सोडतोय की त्याच्या आणखी आत जातोय. इतके श्रम, इतके प्रश्न. १९७३ च्या जुलैत ऋषिकेशच्या बाजारात बस पकडायला धावताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते रस्त्याच्या कडेला कोसळले. त्यानंतर मित्रांना लिहिलेल्या पत्रांत ते सांगतात की इतकी वर्षे ज्याचा शोध घेतला ते तिथे, फुटपाथवर पडलेले असताना, सापडले. आणि जगणे-मरणे यांच्याशी त्या जागे होण्याचा काही संबंध नव्हता. त्यांना इंदूरच्या रॉबर्ट नर्सिंग होममध्ये आणले. फ्रान्सिस्कन सिस्टरांनी त्यांची सेवा केली. ७ डिसेंबर १९७३ रोजी संध्याकाळी ते तिथेच गेले.

त्यांची सगळीच मते आम्हाला समजली असे नाही, आणि काही समजूनही पचली नाहीत. तेरेजा अखेरपर्यंत प्रभू येशूच्या मानवी रूपाला सोडायला तयार नव्हती आणि आम्ही तिच्याच बाजूचे आहोत. पण एक म्हातारा, ज्याला आता गुहेत बसता येत नाही, डोंगर चढता येत नाही, जो उशीला टेकून सिस्टरांनी दिलेले सूप पितो आणि तरी शांत असतो, तो आपल्याच शहरात होता, ही गोष्ट मनातून जात नाही.

त्या भगिनीला आम्ही योहानाच्या तीन खुणा वाचून दाखवल्या. दुसऱ्या खुणेवर ती म्हणाली, "मला दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नाही, हे खरं आहे." मनाच्या डॉक्टरांना एकदा भेटायचेही तिने कबूल केले, कारण योहानानेच तो धोका सांगून ठेवला आहे. आणि फादरांच्या सल्ल्याने गुरुवारच्या बैठकीची रचना बदलली. आता पहिली दहा मिनिटे जपमाळेचे एक दशक मोठ्याने, मग वीस मिनिटे शांतता. आजी परत आल्या. पहिल्या गुरुवारी त्यांचे मणी शांततेतही चालूच होते, टक टक आवाज येत होता, आणि तो तरुण डोळे मिटून तो आवाज ऐकत असावा. निदान त्याने वळून पाहिले नाही. भगिनी नेहमीप्रमाणे मागे, खांबाजवळ. घोरणारे काका आता खिडकीपाशी बसतात. पंखा कोणता लावायचा हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.